मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलगी लांडग्यावर संशोधन करू शकते का?

या वेळचं पत्र उत्तर सोलापूर तालुक्यातून आलंय. पत्र मोठं होतं, थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ. घरी ऐंशी-नव्वद मेंढरं आहेत. गेल्या थंडीत लांडग्यानं दोन कोकरं नेली, तेव्हापासून आप्पांसमोर लांडग्याचं नाव काढायची सोय नाही. पण मला लहानपणापासून लांडगा आवडतो, आणि काम करायचंय तेही त्याच्यावरच. परदेशातल्या विद्यापीठांत 'मूव्हमेंट इकॉलॉजी' या विषयात मोठ्या मांसभक्षक प्राण्यांवर एम.एस. आणि पीएच.डी.च्या जागा निघतात असं दिसतं. कुठं लांडगे, कुठं प्यूमा, कुठं अस्वलं. फी माफ आणि वर दरमहा पैसेही मिळतात म्हणे. हे खरं असतं का? सोलापूरच्या पोरीला कुणी विचारेल का? सर म्हणतात आधी नेटची परीक्षा दे. आई म्हणते बी.एड. करून मोकळी हो. आप्पा म्हणतात, लांडग्याच्या मागं फिरून कुणाचं पोट भरलंय? मी काय करू, इथंच शिकू की परदेशात जाऊ?"

प्रिय मुली,

आधी तुझ्या सरळ प्रश्नांची सरळ उत्तरं देते. हो, ते खरं असतं. अमेरिका-कॅनडात वन्यजीवशास्त्राच्या एम.एस. आणि पीएच.डी.च्या बऱ्याच जागा अशाच भरतात. एखाद्या प्राध्यापकाला एका ठरावीक प्रकल्पासाठी निधी मिळतो आणि त्यातून तो विद्यार्थी घेतो. विद्यार्थ्याची फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल त्याला दरमहा मानधन मिळतं. त्यात साधेपणानं राहता येतं, घरी फार पाठवता येत नाही. नॉर्वे-स्वीडनकडे तर पीएच.डी. ही नोकरीच समजतात, रीतसर पगाराची. तिथं आधी मास्टर्स झालेलं लागतं आणि तुझं ते होतच आलंय.

तुला कुणी विचारेल का? आज अर्ज केलास तर बहुधा नाही. दीड-दोन वर्षांनी केलास तर विचारतील असं मला मनापासून वाटतं. हे उत्तर त्या दीड-दोन वर्षांबद्दलच आहे.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "मला लहानपणापासून लांडगा आवडतो." ते तुझ्या अर्जात येऊ नये असं मला वाटतं. ते खरं आहे याबद्दल शंका नाही. पण मोठ्या मांसभक्षकांवरची एक जागा निघाली की ढिगानं अर्ज येतात, आणि जवळजवळ प्रत्येकात हे वाक्य असतं, लांडग्याच्या जागी वाघ किंवा अस्वल घातलेलं. प्राध्यापक शोधत असतात तो प्रश्न पडलेला माणूस. हे मी ठेच लागून शिकले. एम.एस्सी. झाल्यावर एका नावाजलेल्या संस्थेत मी पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले होते. बिबट्यावर पंधरा मिनिटं न थांबता बोलले. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला बिबट्याबद्दल काय माहीत नाहीये, जे तुम्हाला शोधायचंय?" मला एक धड वाक्य सुचलं नाही. परतीच्या गाडीत पुण्यापासून कुर्डुवाडीपर्यंत मी त्याच एका वाक्याचा विचार करत होते.

मूव्हमेंट इकॉलॉजी म्हणजे तरी काय? जनावर इथून तिथं का जातं, कसं जातं, वाट कशी ठरवतं आणि वाटेत त्याला काय आडवं येतं, याचं शास्त्र. रान नाथान या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये या विषयाची एक चौकट मांडली, ती आजही सगळे वापरतात. त्यात चार गोष्टी आहेत: जनावराची आतली अवस्था (भूक, भीती, पिल्लांची ओढ), त्याची चालण्याची ताकद, दिशा ओळखण्याची ताकद आणि बाहेरची परिस्थिती. आता बाहेरची परिस्थिती म्हणजे तुझ्याकडे काय काय आलं बघ. तूर, ज्वारी, वाढत चाललेला ऊस, विहिरी, रस्ते, तारेची कुंपणं, गावठी कुत्री, काळविटांचे कळप आणि तुमच्या मेंढरांचा तळ. एका लांडग्याच्या एका रात्रीत हे सगळं येतं.

मी काही वर्षं कॉलर (जागा कळवणारा गळ्यातला जीपीएस पट्टा) लावलेल्या जनावरांच्या प्रकल्पात फील्डवर काम केलंय, म्हणून जवळून सांगते. कॉलरकडून येणारी माहिती दिसायला अगदी कोरडी असते. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, बस्स. संध्याकाळी सहा वाजता ठिपका ओढ्याकाठच्या बाभळीत. आठला तिथंच. दहाला तीन किलोमीटरवर, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात. मग बारा, दोन, चार, तिन्ही ठिपके पन्नास पावलांच्या आत. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपीएस हातात धरून त्या ठिकाणी गेलो. बांधाच्या आडोशाला लोकरीचे पुंजके, एक खूर आणि बाजूच्या मऊ मातीत दोन आकारांचे ठसे. म्हणजे एकटा नव्हता. पलीकडे दीडशे पावलांवर तळ उठून गेल्याच्या खुणा, तीन दगडांची चूल अजून कोमट. स्क्रीनवरच्या तीन ठिपक्यांत कुणाचं तरी एक मेंढरू होतं, कुणाची तरी जागून काढलेली रात्र होती. अशा ठिपक्यांच्या पुंजक्यांवर जाऊन पाहणं हे या शास्त्रातलं नेहमीचं काम आहे. लांडग्यानं काय खाल्लं, किती वेळ थांबला, कशानं उठला हे त्यातून कळतं.

तुझी आघाडी इथं आहे, आणि ती तुला दिसत नाहीये म्हणून मी जरा हट्टानं सांगतेय. दुसरं एखादं पोर त्या रानात आलं तर लोकर बघेल आणि 'मेंढी, पाळीव' असं लिहील. तू बघशील की वाघर (तळाभोवतीचं जाळ्याचं कुंपण) कुठल्या बाजूनं लावली होती, वारा कुठला होता, कुत्री किती असतील, कोकरं आत डालग्याखाली ठेवली होती की बाहेर. आप्पांनी आयुष्यभर जे डोळ्यांत तेल घालून बघितलंय, ते कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. लांडगा कुठल्या महिन्यात जास्त त्रास देतो, अमावस्येला येतो की चांदण्यात, एकटा येतो की जोडीनं आणि एक जण कुत्री भुलवतो का, हे तू घरात विचारू शकतेस. पिल्लं आपल्याकडे थंडीत होतात, त्या दिवसांत नर-मादीला बिळाकडे परत यावं लागतं आणि त्यांची धाव आखडते, हे पुस्तकात आहे. तुमच्या घरची कोकरं थंडीतच गेली, हे पुस्तकात नाही. हा योगायोग आहे की संबंध आहे? बघ, एक प्रश्न तर तुझ्याच पत्रात पडून होता.

आणि ज्या मातीत तू उभी आहेस ती या विषयात नवखी नाही. भारतीय लांडग्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्सने १८३१ मध्ये केलं, तेही आपल्या दख्खनच्या जनावरावरून. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. माळढोकासाठी राखलेल्या त्या गवतानं लांडगाही सांभाळला. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या शेतीभागातल्या लांडग्यांवर १९९७ मध्ये शोधनिबंध लिहिला. बिलाल हबीब यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून पीएच.डी. केली ती नान्नजच्याच लांडग्यांवर, आणि पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत त्यांनी वाघ-लांडग्यांना कॉलर लावण्याचं मोठं काम केलं. लोक अलीगढहून तुझ्या माळावर शिकायला आले, पोरी!

यादवेंद्रदेव झाला यांचीही वाट लक्षात ठेव. त्यांची पीएच.डी. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमधून झाली, १९९१ मध्ये, पण अभ्यास गुजरातेतल्या वेळावदरच्या काळवीट-लांडग्यांचा. 'इथं की परदेशात' हा प्रश्न तू एकच समजून विचारलास, प्रत्यक्षात ते दोन प्रश्न आहेत. पदवी कुठली आणि माळ कुठला, हे वेगवेगळं ठरवता येतं. परदेशातल्या प्रत्येक प्राध्यापकाला हे चालत नाही, कारण निधी त्यांच्या प्राण्यासाठी असतो. तिथल्या लांडग्यांवर बर्फात तीन-चार वर्षं काम करून पद्धत शिकलीस आणि परत आलीस, तरी काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात या विषयानं काय करून दाखवलंय ते आप्पांनाही सांगण्यासारखं आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका थोराड बिबट्याला विद्या अत्रेय आणि वनविभागानं कॉलर लावून माळशेज घाटाजवळ सोडलं. तो साधारण १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, रेल्वे आणि हमरस्ते ओलांडत, वाटेत कुणालाही न दुखवता. पकडून लांब नेऊन सोडला म्हणजे प्रश्न मिटला, या समजुतीला त्या वाटेनं धक्का दिला. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ यवतमाळहून निघाला आणि तेलंगणात जाऊन, नांदेड-हिंगोलीकडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरनं नोंदवलेली त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली. आणि आपल्या दारात बघायचं तर, २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाटात आणि बार्शी तालुक्यात वाघ आला म्हणून सगळी गावं जागी होती. तोही टिपेश्वरचाच. तो कुठून आला, कुठल्या ओढ्यानं, कुणाच्या रानातून, हे आता चावडीवरचे लोकही विचारतात. करमाळ्यात २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा उसाच्या फडात तो आज इथं, उद्या तिथं असा दिसत होता आणि कुणाला काही सांगता येत नव्हतं. ही माहिती लागते, आणि ती काढणारी माणसं आपल्या जिल्ह्यात फारशी नाहीत.

आता कामाचं बोलू.

पहिलं, आर. ही एक संगणकभाषा आहे, फुकट मिळते, आणि तिच्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. प्राणिशास्त्राच्या बहुतेक मुलांना संख्याशास्त्राची भीती असते, मलाही होती. पण हालचालींचा डेटा साध्या सरासरीनं सुटत नाही. दर दोन तासांनी एक ठिपका आला तर दहाचा ठिपका आठच्या ठिपक्याला बांधलेला असतो. लांडगा दोन तासांत पंढरपूरला जाऊन परत येत नाही. हे बांधलेपण विसरून ठिपके सुटे मोजले की होम रेंज, म्हणजे जनावराचा नेहमीच्या वावराचा टापू, चुकते आणि 'लांडग्याला तूर आवडते' असले निष्कर्ष निघतात. म्हणून या लोकांनी खास पद्धती काढल्यात. एकीत जनावराचं प्रत्येक पाऊल घेऊन विचारतात, इथून ते आणखी कुठं कुठं जाऊ शकलं असतं आणि त्यातून त्यानं हेच ठिकाण का घेतलं? याला स्टेप सिलेक्शन म्हणतात. दुसरीत ठिपक्यांच्या चालीवरून ओळखतात की जनावर आराम करतंय, हुंगत फिरतंय की सरळ मजल मारतंय. आरमधली तयार साधनं, म्हणजे पॅकेजं, आहेत: स्टेप सिलेक्शनसाठी 'एएमटी' आणि ठिपक्यांचं बांधलेपण धरून होम रेंज काढण्यासाठी 'सीटीएमएम'. सोबत शिकण्याची टिपणंही मिळतात.

डेटा कुठून आणायचा? जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेचं 'मूव्हबँक' म्हणून भांडार आहे, त्यात जगभरच्या प्राण्यांचा डेटा साठवलेला असतो आणि त्यातला काही कुणालाही उतरवून घेता येतो. एखाद्या लांडग्याचा किंवा प्यूमाचा डेटा घे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर नकाशा काढ, होम रेंज काढ, एक छोटा प्रश्न विचार आणि चार पानांत उत्तर लिही. रोज संध्याकाळी दीड तास दिलास तर सहा महिन्यांत होईल. लॅपटॉप नसेल तर विभागातला संगणक मागून घे. हे चार पानांचं काम तुझ्या अर्जासोबत जाईल तेव्हा तुझ्या मार्कांकडे लोक जरा कमी बघतील.

दुसरं, वही. साधी दोनशे पानी. तुमच्या आणि ओळखीच्या तळांवर लांडगा आला की तारीख, वेळ, तळ कुठं होता, किती मेंढरं, किती कुत्री, वाघर होती का, काय गेलं, पंचनामा झाला का, एवढं लिही. लांडग्यानं जनावर मारलं तर सरकारकडून भरपाई मिळते, पण तळ हलता असला की पंचनाम्यापर्यंत थांबणार कोण? म्हणून सरकारी आकड्यांत यातलं थोडंच येतं. वर्षभराची अशी वही म्हणजे तुझा स्वतःचा डेटा. त्यासाठी फक्त विचारायचं आणि लिहायचं, परवानगी लागत नाही.

मात्र बीळ शोधायला जाऊ नकोस. सापडलं तरी जवळ जाऊ नकोस, फोटो काढू नकोस आणि जागा कुणाला सांगू नकोस, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कॉलर लावायची तर केंद्राची आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ती संस्थेलाच मिळते. देशभरात मिळून हे लांडगे साधारण तीन हजार उरलेत. एक बीळ धूर करून बुजवलं गेलं तर ते काही थोडं नाही.

तिसरं, एखाद्या चालू प्रकल्पावर एक वर्ष. माझ्या मते हे नेटपेक्षाही आधी यावं, पण तुझ्या सरांशी भांडू नकोस, दोन्ही जमतं. भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची एट्री, पुण्याची ग्रासलँड्स ट्रस्ट, या ठिकाणी माळरानावरचं आणि लांडग्यांवरचं काम चालतं. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा मिळाला तोही अशाच मंडळींच्या कामातून. प्रकल्प सहायकाच्या किंवा फील्ड असिस्टंटच्या जागा अधूनमधून निघतात. पगार संस्थेगणिक वेगळा, मोठा नसतो. पण रात्री दोनला अँटेना धरून उभं राहणं, दुसऱ्या दिवशी तो डेटा न चुकता भरणं आणि गावात शिरल्यावर आधी चहा घेऊन मग प्रश्न विचारणं, हे तुला जमतं का आणि आवडतं का, ते त्याच वर्षात कळेल. आणि तिथल्या वरिष्ठांचं शिफारसपत्र तुझ्या अर्जात सगळ्यात वजनदार ठरेल. 'अनुभव' देतो म्हणून तुझ्याकडूनच हजारो रुपये मागणाऱ्या जाहिराती मात्र टाळ. घरून पैसे आणून लांडगे बघायची तुला गरज नाही.

नेटबद्दल. सीएसआयआरची लाइफ सायन्सेसची नेट जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीसह, निघाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, आणि भारतात कुठल्याही गाईडकडे तू तुझा निधी घेऊन जातेस. म्हणून ती द्यायचीच. सोबत गेट परीक्षेचा 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' हा पेपर बघ, त्यातला अभ्यास तुझ्या कामाच्या जास्त जवळचा आहे. तुमच्या प्रवर्गासाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेची पीएच.डी.ची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची शिष्यवृत्तीही आहे, तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या मुलामुलींसाठी सांगते, अनुसूचित जातींसाठीच्या बार्टीकडे आणि मराठा समाजासाठीच्या सारथीकडेही पीएच.डी.साठी अशा योजना आहेत. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि वैधता प्रमाणपत्र आताच काढून ठेवा. त्यासाठी ऐनवेळी तहसीलला खेटे घालताना मी हुशार पोरं रडताना बघितलीत.

बंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थेत आणि डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, प्रवेश परीक्षेनं मिळते. तुझी एक एम.एस्सी. होतेय, तरी दुसरी करायला लाजू नकोस, अशी कितीतरी माणसं या क्षेत्रात आहेत. पण प्रकल्पावर चांगलं वर्ष मिळालं तर मी तिकडे जाणार नाही, थेट पीएच.डी.कडे वळेन.

आता परदेशी प्राध्यापकाला लिहायचं पत्र. जाहिराती बहुतेक आपल्या गणपती-दिवाळीच्या दिवसांत जास्त निघतात, अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत, आणि रुजू व्हायचं पुढच्या ऑगस्टच्या सुमारास. विद्यापीठाचा फॉर्म भरण्याआधी प्राध्यापकाला ईमेल लिहायचा असतो. आपल्याकडे आधी फॉर्म आणि मग गाईड, तिथं बहुधा उलटं. एक पान, त्याहून मोठं नको. 'रिस्पेक्टेड सर' आणि दोन परिच्छेद स्तुती नको. साधारण असं लिही: मी मेंढपाळ कुटुंबातली आहे, आमच्या भागात लांडगे शेतातच राहतात. गेल्या वर्षभरात मी इतक्या तळांवरच्या इतक्या हल्ल्यांची नोंद ठेवली. मोकळ्या उपलब्ध डेटावर स्टेप सिलेक्शन वापरून मी हे एक छोटं काम केलं, सोबत जोडलंय. तुमच्या अमुक निबंधात रस्त्याजवळ लांडगे रात्रीच वावरतात असं आलंय. आमच्याकडे रस्त्याऐवजी मेंढरांचा तळ हलतो, आणि हलत्या गोष्टीला लांडगा कसा ओळखतो हे मला शोधायचंय. तुमच्याकडे जागा आहे का?

हे पत्र वाचून मी तरी तुला बोलावलं असतं.

दहा जणांना लिहिलंस तर सहा जण उत्तरच देणार नाहीत, दोघं 'निधी नाही' म्हणतील. त्यात तुझं काही चुकलेलं नसतं. काही जागा फक्त त्या देशाच्या नागरिकांना असतात, ते जाहिरातीत बघून घे म्हणजे उगाच जीव अडकत नाही. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता बऱ्याच विभागांनी काढून टाकलीय, इंग्रजीची परीक्षा मात्र लागते. आणि चारचाकी शिकून घे, लायसन्स काढ. हसू नकोस. तिकडच्या फील्डवर सगळी कामं गाडीनं करायची असतात आणि जाहिरातीत ही अट स्पष्ट लिहिलेली असते.

बी.एड.बद्दल आईशी बोल, वाद घालू नकोस. तिची काळजी पैशाचीही आहे आणि लग्नाचीही, दोन्ही खऱ्या आहेत. मी तुझ्या जागी असते तर तिच्याकडून दोन वर्षं मागून घेतली असती, तारखेनिशी. अमुक महिन्यापर्यंत प्रकल्पावर, अमुक परीक्षेला बसेन, अमुक वेळी अर्ज, आणि तोवर काहीच जमलं नाही तर बी.एड.चा फॉर्म मी स्वतः भरेन. नुसती स्वप्नं सांगितली तर घरचे घाबरतात, तारखा सांगितल्या की ऐकून घेतात. आणि पुढे नोकरीचं विचारलं तर खोटं आश्वासन देऊ नकोस. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत कायमच्या जागा थोड्या आहेत. पण आरमध्ये डेटा नीट हाताळणारं माणूस प्रकल्पांना आणि संस्थांना कायम हवं असतं, ते शिक्षण वाया जात नाही.

राहिले आप्पा. त्यांचा राग मला पटतो. कोकरू गेलं तेव्हा रात्रभर जागणारे ते होते, आणि लेक म्हणतेय की मला त्या लांडग्याचाच अभ्यास करायचाय. त्यांना लांडग्याची बाजू पटवून देऊ नकोस. शास्त्र त्याची बाजू घ्यायला नाहीच. तळ कुठं टाकला तर लांडगा कमी येतो, वाघर किती उंच हवी, कुत्री किती लागतात, भरपाईचा अर्ज हलत्या तळावरून कसा करता यावा, यांची उत्तरं या अभ्यासातून निघू शकतात, आणि ती पहिल्यांदा त्यांच्याच कामाची आहेत. एका उन्हाळ्यात मी मार्डीच्या बाजूला एका तळावर राहिले होते. म्हातारे बाबा संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी बसून आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवत मोजत होते. मोजून झाल्यावर मी विचारलं, लांडगा कुठून येईल आज? त्यांनी विचार न करता ओढ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "आज न्हाई यायचा. वारं तिकडनं हाय, कुत्र्यांना त्याचा वास लागंल. आला तर उद्या, मागनं." दुसऱ्या रात्री वारं फिरलं. कुत्री मागच्या बाजूलाच भुंकत उठली.

त्या दोन-तीन वाक्यांत वारा, वास, कुत्री आणि जनावराची निवड असं सगळं होतं. पुढे प्रकल्पाच्या बैठकीत मी ते सांगितलं आणि आम्ही वाऱ्याची दिशा नोंदवायला सुरुवात केली.

तेव्हा वही आणलीस की आज संध्याकाळी मेंढरं आत घेताना आप्पांशेजारी बस आणि तेवढंच विचार, लांडगा आज आला तर कुठून येईल? ते चिडले तर चिडू दे, उत्तर देतील. वर तारीख घाल, वारा कुठला ते लिही आणि खाली त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत. सकाळी उठून काय झालं ते पुढं लिही. महिनाभरानंतर ती पानं मला पाठव, आरमध्ये कशी भरायची ते आपण मिळून बघू.

तुझी,
ताई